बाबांचं तळं हलवताना

४ जानेवारी

प्रिय भिंगरी,

नऊ वर्षांनी तुझं पत्र आलं. त्यात माझी विचारपूस दीड ओळीची आणि उरलेली दोन पानं गेमची. काही हरकत नाही, दीड ओळीवरही मी खूश आहे. पोस्टमनने पाकीट दुकानातच आणून दिलं. मी एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काच घासत होतो. तुझं अक्षर दिसलं, हात हलला आणि काचेचा कोपरा उडाला. मालक म्हणाला, नजर कुठे आहे तुझी? चष्म्याच्या दुकानात वीस वर्षं काढलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागतं.

तर, हो. आपला गेम आहे, टाकलेला नाही. तोच, दोघांत मिळून एक, निळा, पुस्तकासारखा मिटणारा. बाबांच्या खोलीतल्या टेबलाच्या खणात होता, म्हणजे त्यातलं बाबांचं माशांचं तळंही असेलच. पण त्याची अवस्था तुझ्या दादासारखीच झालीय. बॅटरी फुगून पाठीमागचं झाकण पोट सुटल्यासारखं वर आलंय, आणि एका बाजूची बिजागरी गेलीय. चार्जर लावलेला असेल तरच चालतो, आणि वायर जराशी हलली की बंद पडतो. असली बॅटरी पार्सलमध्ये कोणी घेत नाही. तेव्हा तू म्हणतेस तेच बरं. तुझ्या नवऱ्याने आणलेला नवा गेम इकडे पाठव, मी जुन्यातलं सगळं त्यात भरून परत धाडतो.

सासूबाईंचं वाचून वाईट वाटलं. गळ्यात नळी म्हणजे काय असतं ते या घराला सांगायला नको. पाच आठवड्यांनी त्यांना घरी आणणार, दर तासाला मशीन लावून नळीतला कफ ओढून काढायचा, आणि घरात नर्स शिकलेली तू एकटी. तुझी झोप का उडालीय ते कळलं. पण त्याचा आणि गेमचा संबंध मला आधी लागेना. मग तुझं वाक्य पुन्हा वाचलं. "बाबांचं तळं एकदा बघते, मग ठरवते सासूबाईंना हात लावायचा की नाही."

भिंगरे, मोठ्या भावाचं ऐक. नळीसाठी एखादी बाई ठेवा आणि मोकळी हो. बाबा गेले त्या दुपारचं उगाळत बसू नकोस. मशीनच्या बरणीचं झाकण तुझ्या हातून वाकडं बसलं असेल आणि मशीनने ओढलं नसेल, माणूस आहेस, होतं. तुला कोणी कधी दोष दिलेला नाही, मी तर नाहीच.

गेम पाठव. चार्जरसकट पाठव, नाहीतर नेहमीसारखी अर्धीच वस्तू येईल.

तुझा दादा


१७ जानेवारी

प्रिय भिंगरी,

पार्सल पोचलं. चार्जर आहे. सुधारलीस.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोबाइल दुरुस्त करणारा एक जण बसतो. डोळ्यावर भिंग लावतो आणि प्रत्येक फोनला पेशंट म्हणतो, म्हणून सगळे त्याला सर्जन म्हणतात. त्याच्याकडे दोन्ही गेम घेऊन गेलो. त्याने जुना उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "काका, ही कॉपी नसते, बदली असते." म्हणजे सरकारी नोकराची होते तशी. इकडून सामान हललं की इकडची खोली रिकामी. जुन्यात काही उरत नाही. दोन्ही गेम शेजारी ठेवायचे, दोन्हींना चार्जर लावायचा, आणि चाळीस मिनिटं कोणी हात लावायचा नाही. मध्येच जुना बंद पडला तर डेटा धड ना इकडे ना तिकडे. आणि हे एकदाच करता येतं.

आणखी एक. निवडून पाठवता येत नाही. बाबांचं तळं जाणार तर माझ्या गाड्यांच्या शर्यतीही जाणार, तुझे ते ठोकळेही जाणार. नको ते आधीच पुसायचं.

मी तळं उघडून पाहिलं. सर्जनच्या दुकानातच, स्टुलावर बसून. तुला आठवतं तसंच आहे. उजवी बाजू गेल्यावर बाबांचा एक डावा अंगठा तेवढा कामाचा उरला होता, पण तीस वर्षं क्रेनच्या दांड्या हलवलेला अंगठा तो. कसले मासे धरायचे! गळ्यात नळी, तोंडातून शब्द नाही, म्हणून सगळं बोलणं माशांच्या नावांत. सगळ्यांत जाडा, दुसऱ्यांचं खाणारा, तो त्यांच्या साहेबाच्या नावाचा. पाण्यावर एका जागी न ठरणारी लहानगी, ती तू. आणि मी तळाशी दगडाखाली, बाहेर न येणारा. तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, माणसाला पारख होती.

इतक्या वर्षांत मासे मेले नाहीत. त्या खेळात मरत नाहीत, नुसते रोडावतात आणि हळू पोहतात. मी खाणं टाकलं तसे एकेक वर आले. दगडाखालचा सोडून.

सर्जनने एक पान उघडून दाखवलं, तेही जाईल म्हणे. त्यात रोजच्या नोंदी आहेत. कुठल्या तारखेला कुठला खेळ किती वाजता सुरू केला आणि किती वाजता बंद केला, सगळं मिनिटासकट. आपल्याला माहीतच नव्हतं असलं काही आत आहे ते. त्याचा तुला काही उपयोग नसेल ना? उगाच जागा खातं. लिही, म्हणजे त्याप्रमाणे करतो.

सासूबाई कशा आहेत? बाई मिळाली का?

तुझा दादा


२५ जानेवारी

प्रिय भिंगरी,

काम फत्ते. तुझ्या उत्तराची वाट पाहिली नाही, कारण जुना गेम आता चार्जरवरही गचके खायला लागला होता. काल दुपारी सर्जनच्या दुकानात उरकून टाकलं. जुन्याची वायर बिजागरीपाशी सैल होती म्हणून मी ती चिमटीत धरून बसलो. चाळीस मिनिटं. पाय बदलला नाही, की नाक खाजवलं नाही. सर्जन म्हणाला, काका, ऑपरेशनला तुमच्यासारखा मदतनीस पाहिजे.

सगळं आलंय. तळं, मासे, नावं. जुना कचरा आधीच थोडा साफ केला, त्यामुळे लवकर झालं.

आज सकाळी पार्सल टाकलं. मिळाल्याचं कळव.

तुझा दादा


१२ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं पत्र परवा आलं. दोन दिवस ते शर्टाच्या खिशात घेऊन हिंडतोय.

मला वाटलं होतं, तळं पाहून तुला बरं वाटेल. तू लिहितेस की तू दोन तास रडलीस आणि मग तुझं ठरलं. "मासे जिवंत आहेत, बाबा नाहीत, आणि ते माझ्या हातांमुळे नाहीत. हे हात मी दुसऱ्या कोणाच्या गळ्याशी नेणार नाही." म्हणून सासूबाईंना घरी न आणता थेट शुश्रूषा केंद्रात ठेवायचं. नवरा चिडलाय. सासूबाईंनी पाटीवर "हीच हवी" असं लिहून पाटी तुझ्याकडे धरली आणि तू खोलीतून निघून आलीस.

हे वाचल्यावर मला गप्प बसता येत नाही. नऊ वर्षं मूग गिळून बसलो होतो. आता लिहितो. मध्येच कागद टाकून देऊ नकोस, शेवटपर्यंत वाच.

त्या दिवशी सकाळी तू बरणी धुतलीस, बसवलीस, मशीन चालवून पाहिलंस आणि ड्यूटीला गेलीस. बारापासून तू येईपर्यंत बाबा माझ्याकडे होते. एक वाजता मी नळी साफ केली. दोनलाही केली. मग बाबांचा डोळा लागला असं वाटलं आणि मी गेम घेतला. म्हटलं, एक शर्यत. गाड्यांचा आवाज त्यांना नको म्हणून कानात इअरफोन घातले. म्हणजे बघ, त्यांच्या झोपेची मला काळजी होती.

एका शर्यतीच्या किती झाल्या ते कळलं नाही. बॅटरी संपत आल्याचा दिवा लागला तेव्हा मी इअरफोन काढले. चारला दहा मिनिटं कमी होती. तीनची वेळ कधीच टळून गेली होती. बाबांना हाक मारता यायची नाही म्हणून आपण त्यांच्या डाव्या हातात चमचा देऊन ठेवायचो, पलंगाच्या दांडीवर वाजवायला. तो चमचा खाली जमिनीवर पडला होता. ते किती वेळ वाजवत होते ते मला माहीत नाही. मी त्यांच्याकडे पाठ करून खिडकीत बसलो होतो. त्यांचा चेहरा लिहीत नाही, तू पाहिलास.

मी मशीन लावलं. ऐक आता. मशीन ओढत होतं. एवढ्या जोरात ओढत होतं की नळीचं टोक माझ्या तळव्याला चिकटलं. कफ आला, बरणीत पडताना मी पाहिला. पण त्याचा काही उपयोग उरला नव्हता. मग मला काय सुचलं देव जाणे, मी बरणी ओतायला म्हणून काढली, मोरीत रिकामी केली, झाकण परत लावलं. ते वाकडं लागलं. माझ्या हातून. मग नळी साफ केल्याच्या नोंदींची वही ओढली आणि तीनच्या रकान्यात लिहिलं, "सक्शन केलं."

चार वाजून पाच मिनिटांनी तू आलीस. बटण दाबलंस, मशीन नुसतं घरघरलं. तू बरणीकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "मी सकाळी नीट बसवली नाही." मी तुला काही म्हणायला लावलं नाही, तू आपणहून म्हणालीस, असं मी स्वतःला कितीदा तरी सांगितलं आहे. पण त्यावर मी जे बोललो ते मला आठवतं. मी म्हणालो, "तीनलाच जरा कमी ओढत होतं."

पाच शब्द. त्या पाच शब्दांवर तू नोकरी सोडलीस. ज्याची शीर सापडत नाही अशा पेशंटपाशी मेट्रन तुला बोलवायच्या. त्या हातांनी तू आता गोदामात औषधांच्या खोक्यांवर लेबलं चिकटवतेस. तू घर सोडून लांब गेलीस, फोनवर माझा आवाज ऐकून हात थरथरतात म्हणून फोन घेईनाशी झालीस, आणि मी इथे सगळ्यांना सांगत राहिलो की बहिणीने मनाला फार लावून घेतलंय.

गेमच्या वायरीसाठी मी चाळीस मिनिटं हललो नाही. बाबांसाठी हललो नाही ते वेगळ्या कारणाने.

मला माफ कर असं लिहीत नाही. तोंड नाही. एवढंच कर, सासूबाईंना घरी आण. तुझे हात चांगले आहेत. पहिल्यापासून चांगले होते.

दादा


२८ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. त्या मी इथे उतरवून काढतो, कारण मला त्यांची उत्तरं द्यायची आहेत.

"दादा, तू असं काहीतरी लिहिशील असं वाटलंच होतं. लहानपणी काच मी फोडायचे आणि मार तू खायचास. वही माझ्याकडे आहे, तीनची नोंद तुझ्या अक्षरात आहे. तू खेळत होतास तर ते गेममध्ये दिसलं असतं, तूच लिहिलं होतंस की मिनिटासकट नोंदी असतात. मी नवा गेम सगळा धुंडाळला, एकही नोंद नाही."

नोंद होती. मी पुसली.

ते पान सर्जनने दाखवलं आणि मी घरी येऊन खोलीचं दार लावून ती तारीख शोधली. गाड्यांची शर्यत, दोन बावीस ते तीन एकोणपन्नास. नऊ वर्षं खणात पडलेल्या खेळण्याने सगळं जपून ठेवलं होतं. मला वाटलं, हे तुझ्या हाती लागलं तर मी मेलो. चोराच्या मनात चांदणं. तू ते पान उघडलं असतंस की नाही कोण जाणे, पण मला धीर निघेना. पुसायचं बटण दाबलं. गेमने विचारलं, नक्की? मी हो म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं, परत आणता येणार नाही, नक्की? मी पुन्हा हो म्हटलं. मग तुला लिहिलं की कचरा साफ केला.

माझ्या पापाचा पुरावा म्हणून मी तो पुसला. तुझ्या बाजूने बोलणारी जगात तेवढी एकच गोष्ट होती, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही. तुझं पत्र खिशात घेऊन हिंडत होतो तेव्हा आलं. वरातीमागून घोडं.

परवा सर्जनकडे गेलो. जुन्या गेममधून काही मिळतं का बघ म्हटलं. त्याने तो उघडला, तासभर खटपट केली. बदली झाल्यावर जुना आपोआप कोरा होतो, आणि मी त्याआधीच पुसलेलं होतं. पाटी दोनदा धुतली, काका, म्हणाला. मग मी विचारलं, तू ते पान उघडलं होतंस, तुला ती तारीख दिसली असेल, दोन बावीस, आठव जरा. त्याने भिंग वर केलं आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. दिवसाला पन्नास पेशंट बघतो मी, म्हणाला.

आपल्या जुन्या डॉक्टरांकडेही गेलो, बाबांना बघायला यायचे ते. त्यांना सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसंच. त्यांनी ऐकून घेतलं, माझा रक्तदाब पाहिला आणि म्हणाले, घरातलं माणूस गेलं की प्रत्येकाला असंच वाटतं. झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. दुकानात मालकाला सांगितलं. तो तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बहिणीसाठी एवढं कोण करतं रे आजकाल?" मी ओरडलो त्याच्यावर. त्याने मला दोन दिवस सुट्टी दिली.

म्हणजे आता माझी गत लांडगा आला रे आला झालीय. खोटं बोललो तेव्हा एका दमात सगळ्यांना पटलं. खरं बोलतोय तर लोक मला चहा पाजतात.

भिंगरे, माझ्याकडे दाखवायला काही नाही. वही माझ्याविरुद्ध बोलत नाही, गेम बोलत नाही. फक्त मी आहे, आणि माझी किंमत मला माहीत आहे. तरी विचार कर. मशीनची बरणी तू शेकडो वेळा बसवली असशील. एकदा तरी वाकडी बसली होती का? तुझे हात काय म्हणतात ते विचार, माझं ऐकू नकोस.

सासूबाई शुश्रूषा केंद्रात जाऊन आठवडा झाला, असं कागदाच्या मागे लिहिलंयस. अजून वेळ गेलेली नाही. त्यांना घेऊन ये.

दादा


२१ मार्च

(हे पत्र टाकणार नाही.)

भिंगरी,

सासूबाई गेल्या.

तू सरळ लिहिलं आहेस. केंद्रात बारा पेशंटना दोन बाया. नळी अडकली तेव्हा बाई पलीकडच्या पलंगापाशी होती. फोन आला तेव्हा तू गोदामात होतीस. नवरा तुझ्याशी दोन दिवस बोलला नाही, मग बोलला. आणि मग तू लिहितेस, "वाईट वाटलं, दादा. पण निदान माझ्या हातून नाही झालं."

हे वाक्य मी वाचतो आणि मला उठून भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं.

त्याच्या खाली तू लिहिलं आहेस, ये. नऊ वर्षं झाली, आता ये, मी फोनही घेईन. एकच अट घातली आहेस. "ते पुन्हा काढू नकोस. तू माझ्यासाठी स्वतःवर घ्यायला तयार झालास, तेवढं मला जन्मभर पुरेल. आता शेवटचं लिही की ते रचलेलं होतं, म्हणजे माझं डोकं शांत होईल."

काल मी तुला लिहायला बसलो होतो की अट मान्य नाही. दोन पानं लिहिली. बरणी सरळ होती, झाकण सरळ होतं, हे तुझ्या गळी उतरेपर्यंत लिहीतच राहायचं असं ठरवलं होतं. आणि लिहिता लिहिता हात थांबला.

समजा, तुला पटलं. मग पुढे काय? तुझे हात चांगले होते, म्हणजे सासूबाई तुझ्या हाताखाली जगल्या असत्या. त्यांनी पाटी तुझ्यासमोर धरली होती. तू पाठ फिरवलीस, आणि ती फिरवायचं काही कारण नव्हतं. बाबांच्या मरणातून तुला सोडवायचं तर या मरणात ढकलावं लागतं. नऊ वर्षांपूर्वी बोललो असतो तर दोन्हींचं ओझं तुझ्यावर नव्हतं. जानेवारीत बोललो असतो, पान पुसलं नसतं, तरी हे दुसरं नव्हतं. आता मी खरं बोललो की तू जास्त मरतेस.

दोन माणसं मी मारली, आणि दोन्ही वेळा कोणाला हातही लावला नाही.

मग गप्प बसायचं का? गप्प बसलो तर तू आयुष्यभर बाबांना मारल्यासारखी जगशील. पण त्याची तुला सवय झालीय, असं माझं मन म्हणतं. ऐकलंस का, सवय झालीय म्हणे. हे मन माझंच आहे, त्याच्यावर मी किती विश्वास ठेवू? त्याला तुझ्याकडे यायचंय. तुझ्या घरी बसून तुझ्या हातचा चहा प्यायचाय, आणि तू "दादा" म्हणून हाक मारलेली ऐकायची आहे. मी हे तुझ्यासाठी करतोय की माझ्यासाठी, ते मला खरंच सांगता येत नाही. बहुतेक दोन्ही. फार करून माझ्यासाठीच.

रडलो आज. दुकानात मागच्या बाजूला, घासायच्या मशीनपाशी. तिथे पाणी उडत असतं त्यामुळे कोणी विचारत नाही.


२२ मार्च

प्रिय भिंगरी,

सासूबाईंचं ऐकून फार वाईट वाटलं. तुझ्या नवऱ्याला सांग, मी भेटायला येतो. शनिवारी दुपारच्या बसने निघतो, संध्याकाळपर्यंत पोचेन. स्टँडवर यायची गरज नाही, पत्ता आहे माझ्याकडे. खायला फार काही करत बसू नकोस. आता माझी भूक पूर्वीसारखी राहिली नाही, आणि तुझा स्वयंपाकही पूर्वीसारखाच असणार.

तू म्हणतेस ते बरोबर आहे. मागे जे लिहिलं ते मी रचलं होतं. तुझे हाल बघवेनात म्हणून उचलली जीभ लावली टाळ्याला. तू ओळखलंस ते बरं झालं. पुन्हा तो विषय काढणार नाही.

वहीत लिहिलंय तेच खरं आहे. तीन वाजता मी सक्शन केलं होतं.

तुझा दादा